भार जातो कोठे? : गाडीचे छत घरच्या घरी उतरविणाऱ्या कप्प्यांची कहाणी

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात बेळ्ळंदूर नावाची वस्ती आहे. एके काळी ते एका मोठ्या तलावाकाठचे खेडे होते. आज त्याच तलावाच्या आसपास, बाह्य वर्तुळ मार्गाला लागून, उंच सदनिका, कचेऱ्या आणि स्वतंत्र घरे ह्यांची दाटी झाली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या ह्या शहराची हवा सौम्य म्हणून प्रसिद्ध आहे. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत आकाश बहुधा निरभ्र असते आणि ऊन फारसे बोचत नाही. अशा दिवसांत सकाळी नंदी टेकड्यांच्या वाटेने निघालेल्या प्रवाशाला गाडीचे छत नकोसे वाटले, तर त्यात नवल नाही. पण ह्याच शहरावर नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमी पावसांचा अंमल चालतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी येतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तर पावसाचा जोर विशेष असतो. म्हणून सकाळी उतरविलेले छत सायंकाळच्या आत पुन्हा चढविता आले पाहिजे, आणि तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा न करता. घरातील एका-दोघा माणसांना हे काम कसे साधेल, ह्या साध्या प्रश्नात यंत्रशास्त्राचे कित्येक मूलभूत नियम दडलेले आहेत.

कापडी छत आणि कठीण छत

उघड्या गाडीची परंपरा आपल्याकडे जीपपासून सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी तयार झालेल्या विलिस जीपला कॅनव्हासचे छत असे. ते एका माणसाने सोडावे, घडी घालावी आणि मागे टाकावे, इतके हलके असे. युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्र कंपनीने ह्या जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. त्याच कुळातील ‘थार’ ही गाडी आज नाशिकच्या कारखान्यात तयार होते. तिची दुसरी पिढी २०२० साली बाजारात आली. जीप ह्याच नावाची ‘रँग्लर’ ही गाडी २०२१ पासून पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात जोडली जाते. बंगळूरच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या अशा अनेक गाड्यांचे माहेर ह्याप्रमाणे महाराष्ट्रात आहे.

सुखसोयींची अपेक्षा वाढली तसे कापडाच्या जागी कठीण छत आले. काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचे हे छत पाऊस, धूळ आणि आवाज उत्तम प्रकारे अडविते. पण त्याची घडी होत नाही. रँग्लरसारख्या गाडीत छताचे पुढील दोन तुकडे आतून खटके सोडून हातांनी उचलता येतात. मागील भाग मात्र मोठा. त्याला बाजूच्या काचा असतात, मागील काच असते, आणि तो बोल्टांनी गाडीच्या अंगाशी आवळलेला असतो. त्याचे वजन गाडीच्या बनावटीप्रमाणे बदलते. पुढील हिशेबासाठी आपण ते ६५ किलोग्रॅम धरू.

काम थोडे, कष्ट फार

भौतिकशास्त्रात ‘कार्य’ ह्या शब्दाला नेमका अर्थ आहे. बल आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू जितकी सरकली ते अंतर, ह्यांचा गुणाकार म्हणजे कार्य. ६५ किलोग्रॅमच्या वस्तूला पृथ्वी सुमारे ६३७ न्यूटन बलाने खाली ओढते. ती वस्तू १ मीटर उचलावयाची तर ६३७ जूल इतके कार्य करावे लागते. हा आकडा मोठा वाटतो खरा. पण १ ग्रॅम साखरेपासून शरीराला सुमारे १६,७०० जूल ऊर्जा मिळते. म्हणजे छत १ मीटर वर नेण्यास लागणारी ऊर्जा साखरेच्या काही कणांतच सामावलेली आहे. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्साच कार्यात उतरवू शकतात, हे लक्षात घेतले तरी पाव ग्रॅमच्या आतबाहेर साखर पुरे होते.

मग दोन धडधाकट माणसांना हे छत उचलताना घाम का फुटतो? कारण अडचण ऊर्जेची नाही, बलाची आहे. आणि त्याहूनही अधिक ते बल शरीरावर कोठे पडते ह्याची आहे. दोघांनी दोन बाजूंनी छत धरले तर प्रत्येकाच्या वाट्यास ३२.५ किलोग्रॅम येतात. गाडीच्या रुंदीमुळे हात पुढे पसरावे लागतात, आणि भार कमरेपासून सुमारे ५० सेंटीमीटर दूर राहतो. पाठीचा कणा येथे तरफेचे काम करतो. त्याला सावरणारे स्नायू मात्र कण्याच्या मागे सुमारे ५ सेंटीमीटरवरच असतात. एका बाजूस ५० आणि दुसऱ्या बाजूस ५, असे हे तराजूचे दोन विषम हात झाले. समतोल राखण्यासाठी स्नायूंना भाराच्या दहापट, म्हणजे सुमारे ३२५ किलोग्रॅम-भाराइतके ओढावे लागते. त्यातच पाय घसरला किंवा एकाने आधी सोडले, तर कंबर दुखावते, काच फुटते, किंवा दोन्ही घडते. घरी कप्पी आणि दोर लावण्याचे खरे कारण हे आहे.

कप्पीचा सौदा

विहिरीच्या रहाटावर जी असते ती कप्पी बहुतेकांनी पाहिलेली असते. ती एका जागी स्थिर असते. म्हणून ती बलाची केवळ दिशा बदलते. घागर वर यावी म्हणून आपण दोर खाली ओढतो. घागर जितकी जड तितकेच ओढावे लागते. सोय एवढीच की, ओढताना आपल्या शरीराचे वजन उपयोगी पडते.

कप्पी भाराबरोबर वर-खाली सरकणारी असेल तर गोष्ट बदलते. अशा कप्पीला दोराचे दोन पदर वर धरून असतात. प्रत्येकावर निम्मा भार येतो. दोन स्थिर आणि दोन सरकत्या कप्प्या एकत्र करून चार पदर केले तर प्रत्येक पदरावर चौथा हिस्सा येतो. आपले ६५ किलोग्रॅमचे छत मग सुमारे १६ किलोग्रॅम-भाराने उचलते. प्रत्येक कप्पीच्या आसाशी घर्षणाने काही बल वाया जाते. ते धरून प्रत्यक्षात २० च्या आसपास ओढावे लागेल. शाळकरी मुलालाही हे कठीण नाही.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. चार पदरांच्या योजनेत छत १ मीटर वर जाण्यासाठी ४ मीटर दोर ओढावा लागतो. बल चौथा हिस्सा, अंतर चौपट, गुणाकार तोच. आर्किमिडीजने सिराक्यूज येथे कप्प्यांच्या साह्याने एकट्याने जहाज ओढले, अशी कथा प्लूटार्कने लिहून ठेवली आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यातील तत्त्व हेच आहे.

भार जातो कोठे?

येथपर्यंतची माहिती शालेय पुस्तकांत असते. तिच्या पुढचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हातावरचा भार कमी झाला, हे खरे. पण छताचे वजन काही कमी झाले नाही. मग उरलेला भार गेला कोठे?

उत्तर असे की, तो वरच्या आकड्यावर गेला. आणि नुसता गेला नाही, तर जाताना वाढलाही. रहाटाची साधी स्थिर कप्पी घ्या. एका बाजूस दोर ६५ किलोग्रॅम-भाराने खाली ओढला जात आहे. दुसऱ्या बाजूस आपणही तो तितक्याच बलाने खाली ओढत आहोत. कप्पीचा आकडा दोन्ही ओढी सहन करतो: ६५ आणि ६५, एकूण १३० किलोग्रॅम-भार. चार पदरांच्या योजनेत वरचा आकडा ६५ आणि हाताची १६ अशी सुमारे ८१ किलोग्रॅम-भाराची ओढ सोसतो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे सत्य पुस्तकावाचून ठाऊक होते. मोटेच्या विहिरीवर चाकाच्या एका बाजूस पाण्याने भरलेली मोट असे, तर दुसऱ्या बाजूस धावेवरून उतरणारे बैल नाडा ओढीत. चाक ज्या लाकडांवर बसविलेले असे ती लाकडे केवळ मोट पेलण्याइतकी जाड ठेवून चालत नसे. त्यांना मोटेचा भार आणि बैलांची ओढ अशी दोन्ही बले एकाच वेळी सोसावी लागत.

बैलांच्या ओढीची दिशा तिरपी असे, हेही महत्त्वाचे आहे. दोर कप्पीवरून काटकोनात वळला, म्हणजे एक बाजू सरळ खाली आणि दुसरी छताला समांतर अशी राहिली, तर आकड्यावरील बल दुप्पट होत नाही. ६५ एकक बाजूचा चौरस काढून त्याचा कर्ण मोजावा; तो सुमारे ९२ भरतो. तेवढे बल आकड्यावर पडते, आणि ते सरळ खाली न ओढता ४५ अंशांच्या कोनात तिरपे ओढते. म्हणजे स्लॅबमध्ये बसविलेला बोल्ट बाहेर उपसला जातो आणि त्याच वेळी आडवाही रेटला जातो.

घरी गाडीचे छत उचलण्याच्या प्रचलित योजनेत चार कोपऱ्यांना चार दोर बांधतात. प्रत्येक दोर त्या कोपऱ्याच्या वरील कप्पीवरून वळून, स्लॅबला समांतर जाऊन, एका सामाईक कप्पीपाशी येतो. तेथून सर्व दोर एकदम खाली वळतात आणि भिंतीवरील हातविंचेला गुंडाळले जातात. पाहणाऱ्यास वाटते की, भार चार कोपऱ्यांच्या चार कप्प्यांवर आहे आणि भिंतीजवळची पाचवी कप्पी केवळ वाट दाखविणारी आहे. हिशेब उलट सांगतो. कोपऱ्यातील प्रत्येक कप्पीच्या वाट्यास छताचा चौथा हिस्सा येतो. तिच्या आकड्यावर काटकोनामुळे सुमारे २३ किलोग्रॅम-भार पडतो. पाचव्या कप्पीशी मात्र चारही दोरांची ओढ एकत्र येते आणि तिच्या आकड्यावर पुरे ९२ किलोग्रॅम-भार पडतो. जिच्याखाली काहीच लोंबकळत नाही, तीच कप्पी सर्वांत जास्त भार सोसते. डोळ्यांना जो भार दिसतो तेवढ्यावरच विसंबून ह्या कप्पीला हलका बोल्ट लावणे, ही ह्या कामातील अत्यंत धोक्याची चूक होय.

तिवई आणि चौरंग

चार दोरांची आणखी एक गंमत आहे. तिवई कितीही उंचसखल जमिनीवर ठेवली तरी डगमगत नाही. चार पायांचा चौरंग मात्र किंचित खडबडीत फरशीवरही डुगडुगतो. त्या क्षणी त्याचा भार समोरासमोरच्या दोन पायांवरच असतो. तीन आधारांवरील भाराची वाटणी भूमिती ठरविते. चार आधारांवरील वाटणी आधारांच्या लांबीतील बारीकसारीक फरक ठरवितात.

कठीण छत चार दोरांनी टांगले की ते चौरंगासारखेच वागते. एक दोर बोटभर सैल राहिला तर भार कर्णाच्या दोन टोकांवर जातो आणि प्रत्येक दोरावर १६ च्या जागी ३२ किलोग्रॅम-भार येतो. म्हणून प्रत्येक दोर, पट्टा व आकडा निवडताना चौथ्या हिश्श्याचा हिशेब न करता निदान निम्म्या भाराचा करावा, आणि त्यावर सुरक्षिततेचा गुणक लावावा. माणसांच्या आसपास भार टांगताना अभियंते सामान्यतः दोराची मोडण्याची क्षमता प्रत्यक्ष भाराच्या पाचपट वा त्याहून अधिक ठेवतात.

गुरुत्वमध्याचाही विचार करावा लागतो. छताच्या मागील बाजूस काच व तिचा पुसणा असल्याने गुरुत्वमध्य ठीक मधोमध नसून मागे सरकलेला असतो. तो शोधण्याचा उपाय सोपा आहे. बोल्ट सोडल्यावर छत प्रथम दोन बोटेच उचलावे आणि थांबावे. जी बाजू खाली राहील तिकडे गुरुत्वमध्य आहे, असे समजून छत पुन्हा टेकवावे व पट्टे त्या बाजूस सरकवावेत. छत समपातळीत उचलले जाऊ लागेपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे.

उचलण्याहून धरणे कठीण

भार वर नेणे हे यंत्राचे अर्धे काम झाले. हात थांबला, तरी भार तेथेच राहिला पाहिजे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस ह्या कारागिराने उंच चढविलेल्या फळीवर उभे राहून तिचा दोर सर्वांसमक्ष कापविला. फळीला लावलेले खटके बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकले आणि फळी जागच्या जागी थांबली. इमारतींतील उद्वाहकांवर लोकांचा विश्वास बसण्यास हे प्रात्यक्षिक कारणीभूत झाले. उचलण्याची यंत्रे त्यापूर्वीही होती. ओटिसने धरून ठेवण्याची हमी दिली.

गाडीच्या छतासाठी ही हमी तीन प्रकारे मिळते. पहिला प्रकार दातेरी चाक आणि त्यात अडकणारी खीळ. साध्या हातविंचेत ही रचना असते. खीळ दात्यात बसली आहे की नाही, हे कानांनी व डोळ्यांनी तपासावे लागते. दुसरा प्रकार मळसूत्री दंतचक्राचा. ह्यात मळसूत्र चाकाला फिरवू शकते, पण मळसूत्राचे आटे पुरेसे सपाट असतील तर चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. तिसरा प्रकार गाडी-दुरुस्तीच्या दुकानांत दिसणाऱ्या साखळीच्या उचलयंत्राचा, म्हणजे चेन ब्लॉकचा.

ह्या तिसऱ्या यंत्राचे एक मूळ रूप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास थॉमस वेस्टन ह्या इंग्रज संशोधकाने सिद्ध केले. त्यात एकाच आसावर किंचित लहान-मोठी अशी दोन चाके जोडलेली असतात. मोठे चाक साखळी वर घेते, त्याच वेळी लहान चाक ती खाली सोडते; भार केवळ दोहोंतील फरकाच्या निम्म्याने चढतो. चाकांच्या त्रिज्या १० आणि ९ सेंटीमीटर असल्या तर भार विसाव्या हिश्श्याच्या बलाने उचलला जाईल, असे गणित सांगते. प्रत्यक्षात घर्षणापायी निम्म्याहून अधिक कार्य वाया जाते. पण हाच तोटा येथे उपकारक ठरतो. ज्या यंत्रात निम्म्याहून अधिक कार्य घर्षण खाऊन टाकते, ते यंत्र भाराच्या ओढीने उलट फिरत नाही. आजच्या चेन ब्लॉकमध्ये ह्याच हेतूने आत स्वतंत्र रोधकही बसविलेला असतो.

धरण्याची ही काळजी कशासाठी, हे आकड्यांवरून कळेल. २ मीटर उंचीवरून सुटलेले छत जमिनीवर पोचते तेव्हा त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरांहून अधिक झालेला असतो आणि त्याच्या अंगी सुमारे १,२७० जूल ऊर्जा असते. वाटेत दोराने ते अडविले तरी संकट टळत नाही. १० सेंटीमीटर घसरलेले छत दोराने १ सेंटीमीटर ताणून थांबविले, तर त्या अवधीत दोरावरचा सरासरी ताण वजनाच्या ११ पट असतो, आणि क्षणिक उच्चांक त्याहूनही मोठा असतो. एक झटका शांतपणे टांगलेल्या भाराच्या कित्येक पट ठरतो तो असा. म्हणून दोर कधीही सैल सोडून एकदम ताणू नये. छत वर नेल्यावर केवळ विंचेवर न विसंबता स्वतंत्र पट्ट्यांनी ते थेट स्लॅबच्या आकड्यांना बांधावे. नायलॉनचा दोर भाराखाली बराच ताणतो आणि भिजल्यावर त्याची ताकदही काहीशी घटते. दीर्घकाळ टांगण्यासाठी पॉलिएस्टर अधिक बरा.

स्लॅब, तळघर आणि शेजारधर्म

आता बेळ्ळंदूरच्या घराकडे वळू. पहिला प्रश्न उंचीचा. गाडीची उंची सुमारे १.८५ मीटर आणि छताची स्वतःची खोली सुमारे ०.६ मीटर धरली, तर गाडी खालून निघून जाण्यासाठी छताची खालची कड १.९ मीटरवर न्यावी लागेल. त्याचा माथा मग २.५ मीटरवर जाईल. त्यावर पट्टे व कप्प्या ह्यांना ०.३ मीटर दिले की २.८ मीटर होतात. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे तळघराची किमान उंची २.४ मीटर असते. एवढीच उंची असलेल्या तळघरात ही योजना बसणार नाही. स्वतंत्र घराच्या उंच पोर्चमध्ये ती बसू शकेल. प्रत्येकाने आपली जागा व आपली गाडी फुटपट्टीने मोजल्यावाचून पहिले छिद्रही पाडू नये.

दुसरा प्रश्न स्लॅबच्या ताकदीचा. माणसांचा वावर असणाऱ्या गच्चीसाठी भारतीय मानकांत दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलोग्रॅम-भार गृहीत धरतात. छताचे वजन त्या मानाने माफक आहे. धोका संपूर्ण स्लॅबला नसून बोल्टाभोवतीच्या मूठभर काँक्रीटला आहे. स्लॅबच्या खालच्या बाजूस ताण असतो आणि तेथेच बारीक भेगा संभवतात. खालचा गिलावा म्हणजे केवळ शोभेचा थर. त्यात बसलेल्या बोल्टाच्या लांबीला काही किंमत नाही. त्यानंतर सळया झाकणारा काँक्रीटचा पातळ थर येतो. मानकाप्रमाणे तो साधारण हवामानात निदान २० मिलीमीटर असावा लागतो. बोल्ट त्याही पलीकडे, सळ्या चुकवून, भरीव काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. तुळईजवळची जागा व बोल्टाचा प्रकार हे ठरविण्यास बांधकाम अभियंत्याचाच सल्ला घ्यावा.

मोठ्या संकुलांत आणखी दोन अडचणी असतात. काही तळघरांच्या स्लॅबमध्ये ताणून बसविलेल्या पोलादी तारा असतात. ड्रिलचे टोक अशा तारेला लागले तर तार तुटून दुखापत होऊ शकते आणि स्लॅब दुर्बल होतो. शिवाय १९७२ च्या कर्नाटक सदनिका मालकी अधिनियमाप्रमाणे तळघर व वाहनतळ सामान्यतः सर्व सदनिकाधारकांच्या सामाईक मालकीचे असतात. आपल्या गाडीसाठी सर्वांच्या स्लॅबला छिद्र पाडण्याचा अधिकार एकट्याला नाही.

छिद्र न पाडता काम साधण्याची वाटही आहे. दोन्ही बाजूंस पोलादी पाय आणि वर आडवी तुळई अशी सुटी चौकट गाडीवरून ओलांडून उभी करता येते. भार मग स्लॅबवर न जाता चौकटीच्या पायांतून जमिनीत उतरतो. मात्र चौकटीचा पाया पुढेमागे पुरेसा पसरलेला हवा. भाराची लंबरेषा पायाच्या आत राहील तोवरच ती उभी राहते. चाके असल्यास उचलण्यापूर्वी ती पक्की अडवावीत, आणि छत टांगलेले असताना चौकट हलविण्याऐवजी गाडीच हळू बाहेर काढावी. चौकटीलाही उंची लागतेच. म्हणून बुटक्या तळघराचा प्रश्न तिने सुटत नाही.

टांगलेल्या छताचा एक लाभ बेळ्ळंदूरकरांना विशेष पटेल. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत ह्या भागातील रस्ते, तळघरे आणि वाहने पाण्याखाली गेली होती. जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेल्या वस्तूंची अशा वेळी काय गत होते, हे रहिवाशांना ठाऊक आहे.

कामाचा क्रम

गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत छत काढण्याची कृती दिली असेल, तरच हे काम हाती घ्यावे. गाडी सपाट जागी उभी करून हातरोधक लावावा. पुढील तुकडे प्रथम काढावेत. मागील काचेला ऊब देणाऱ्या व पुसणा चालविणाऱ्या तारांची जोडणी आणि पाण्याची नळी सोडवावी. ही गोष्ट विसरल्यास छत वर जाताना त्या तुटतात. मागील दार पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उघडे ठेवावे. पट्टे किंचित ताणून घेतल्यावर मगच बोल्ट काढावेत आणि ते मोजून एका डबीत ठेवावेत. एकाने विंच फिरवावी, दुसऱ्याने दुरून चारही कडा पाहाव्यात. छताखाली कोणीही जाऊ नये. कड अडकली तर हात आत न घालता भार आधी खाली टेकवावा. छताची खालची कड गाडीच्या पोलादी सांगाड्याच्या वर गेली, स्वतंत्र पट्टे बांधून झाले, आणि चालकाखेरीज सर्वजण बाजूस झाले की गाडी सावकाश बाहेर घ्यावी.

ज्या गाडीचे छत काढण्याजोगे बनविलेलेच नाही, त्या गाडीला ह्यांतील काहीच लागू नाही. सामान्य मोटारीचे पोलादी छत हा तिच्या सांगाड्याचाच भाग असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. छत उतरविलेल्या गाडीत आसनपट्टा बांधणे तर अधिकच अगत्याचे ठरते.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

ह्या साऱ्या विवेचनाचा गाभा शाळेच्या वर्गात दहा मिनिटांत पाहता येतो. एक हलकी कप्पी, दोन ताणकाटे, हातभर दोरा आणि १ किलोग्रॅमचे वजन एवढेच साहित्य लागते. पहिला ताणकाटा खिडकीच्या गजाला अडकवावा आणि त्याला कप्पी टांगावी. दोरा कप्पीवरून नेऊन एका टोकाला वजन बांधावे. दुसरे टोक दुसऱ्या ताणकाट्याला बांधून सरळ खाली धरावे. हातातील काटा १ किलोग्रॅम दाखवील, तर वरचा काटा २, आणि त्यात कप्पीच्या वजनाची किंचित भर. आता हात हळूहळू बाजूला न्यावा. वरचा काटा तिरपा होत जाईल आणि त्यावरील आकडा उतरू लागेल. दोरा काटकोनात वळला की तो सुमारे १.४ वर येईल. हातातील काटा मात्र सर्व वेळ १ च दाखवीत राहील.

विद्यार्थ्यांनी दोन्ही काट्यांचे आकडे दर वीस अंशांना टिपावेत, आलेख काढावा, आणि नंतर आपापल्या गावातील रहाट, बांधकामावरील कप्पी किंवा गोदामातील चेन ब्लॉक पाहून विचारावे: हातावरचा भार येथे कोणाच्या माथी गेला आहे, आणि त्याला तो पेलतो का?